जुनी टू-पोस्ट लिफ्ट: घ्यावी की भंगारात जाऊ द्यावी?

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मागच्या नोंदीत होती तिथंच आहे, चार जॅक-स्टँडवर. गिअरबॉक्स खाली घ्यायचाय, दोन्ही बाजूंच्या सिलचा (दारांखालच्या लांब पेटीचा) कुजका पत्रा कापून नवा बसवायचाय. उताणं पडून वरच्या बाजूला वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणगी कॉलरमध्ये आणि गंजाचा चुरा डोळ्यात. म्हणून गाडी उचलून धरणाऱ्या लिफ्टचा विषय पुन्हा निघाला. तेवढ्यात इचलकरंजीकडच्या एका बंद होणाऱ्या गॅरेजातली दोन खांबी लिफ्ट विकायची आहे असा निरोप आला. ही नोंद तिच्याबद्दल.

खड्ड्याचा विचार आधीच बाद केला होता. आमच्याकडं पावसाळ्यात खड्ड्यात पाणी पाझरतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहते, आणि मी खाली ग्राइंडर चालवणार. नकोच. सर्व्हिसिंगवाल्यांकडं असते ती एका खांबाची वॉशिंग लिफ्टही कामाची नाही. जिथं हात घालायचा नेमका तिथंच तिचा खांब उभा असतो.

आलेली लिफ्ट अडीच टनी आणि स्क्रूवर चालणारी. नव्या घेणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यासमोर हायड्रॉलिक असते, म्हणून रचना थोडक्यात सांगतो. प्रत्येक खांबात ट्रॅपेझॉइडल (बुडाशी रुंद, टोकाला अरुंद दाताच्या) आट्यांचा उभा रॉड वरच्या थ्रस्ट बेअरिंगला, म्हणजे उभा भार पेलणाऱ्या बेअरिंगला, टांगलेला असतो. एका खांबाच्या डोक्यावर मोटर. ती व्ही-बेल्टनं आपल्या खांबातला रॉड फिरवते आणि खालच्या चौकटीतून गेलेली चेन दुसऱ्या खांबातला रॉड तितकाच फिरवते. रॉडवर ब्राँझचा नट, नटावर खांबात वर-खाली सरकणारं कॅरेज, कॅरेजला गाडीखाली जाणारे दोन हात. मुख्य नटाच्या खाली थोडी फट सोडून सेफ्टी नट असतो. त्याच्यावर एरवी काडीचाही भार नसतो. वरच्या नटाचे आटे उडाले तरच कॅरेज त्याच्यावर येऊन बसतं.

‘भावा, नवी हायड्रॉलिक घे, डोक्याला ताप नको,’ हे जीपवाल्या मित्राचं मत. नवीच घ्यायची असती तर मीही तेच केलं असतं. पण जुनी हायड्रॉलिक असती तर मी बघायलाही गेलो नसतो. सील किट कुठंही मिळतं, प्रश्न त्याचा नाही. दोन्ही बाजू समान ठेवणारे वायर रोप आतून गंजलेले असले तर बाहेरून पत्ता लागत नाही, आणि सिलिंडरची चकाकी किती खरी आहे ते तो उघडल्यावरच कळतं. स्क्रूच्या लिफ्टमध्ये झीज होते ती मुख्यतः नटात आणि रॉडच्या आट्यात, आणि ती मोजता येते. नट ओतून, आटे पाडून देणारी माणसं कोल्हापुरात उद्यमनगरात दारोदार आहेत.

वीज गेली तर गाडी खाली येईल का, असं बरेचजण विचारतात. या रॉडचा बाहेरचा व्यास ४४ मिमी, पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर) ७ मिमी. आट्यांचा चढ जेमतेम ३ अंश भरतो. तेल लावलेल्या स्टील-ब्राँझचा घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारावर एकावर दुसरं घसरू लागेल तो कोन, त्याच्या दुप्पट तरी असतो, त्यामुळं नट आपण होऊन खाली घसरत नाही. याची किंमत मात्र मोजावी लागते. मोटरच्या ताकदीचा तिसरा हिस्साच गाडी उचलायला लागतो, बाकीची उष्णता होऊन जाते. तेल नसलेल्या नटात हीच उष्णता ब्राँझ खाते.

तेच इथं झालंय. गॅरेजचे मालक अण्णा वयानं मोठे, हाताखाली अनेक पोरं तयार केलेले. त्यांनी बटण दाबून रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवली. ‘वर जातीय, खाली येतीय, अजून काय पायजे तुम्हाला?’ मी म्हटलं, अण्णा, जरा मोजू द्या.

कॅरेज कमरेच्या उंचीवर थांबवलं, खांबाला मॅग्नेटवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावला आणि लिफ्टच्या हाताखाली पहार घालून कॅरेज वर उचललं. काटा जेवढा हलला तेवढी नटाची ढील. मोटरच्या बाजूला १.४ मिमी, दुसऱ्या बाजूला ०.८. पिच ७ म्हणजे आट्याचा दात मध्यावर साडेतीन मिमी जाड. त्यातला पाव हिस्सा गेला की नट बाद, अशी माझी मर्यादा, म्हणजे ०.९ च्या आसपास. नव्या नटाची मूळची ढील वजा केली तरी मोटरकडचा नट संपलेला आहे. कारण तिथंच दिसलं. नटावर तेल सोडणारी नमद्याची वात त्या बाजूला वाळून कडक झाली होती, नखानं टोकरली तर भुगा पडला.

नट बदलता येतो, रॉड बदलणं परवडत नाही. म्हणून जास्त वेळ रॉडवर घालवला. गॅरेजात गाड्या उठसूट एकाच उंचीवर थांबवल्या जातात. त्यामुळं रॉड मधल्या पट्ट्यात जास्त झिजतो आणि टोकांना कोरा राहतो. अशा रॉडवर नवा नट टोकाला घट्ट आणि मध्ये खुळखुळा होतो. मोजायची जुनी पद्धत तीन तारांची. तारांऐवजी मी ३.६ मिमीच्या ड्रिलच्या गुळगुळीत शेपट्या वापरल्या. एका बाजूच्या खाचेत एक, समोरच्या बाजूला शेजारशेजारच्या खाचांत दोन, आणि वरून मायक्रोमीटर. हे एकट्याचं काम नाही. शेपट्या रबरबँडनं धरल्या तरी अण्णांच्या पुतण्याला शिडीवर चढवावं लागलं. ट्रॅपेझॉइडल आट्याच्या बाजू उभ्या असल्यानं दात जेवढा झिजतो त्याच्या पावणेचारपट फरक तारांवरच्या व्यासात दिसतो. वरच्या टोकाला ४५.०५ आलं, नेहमीच्या उंचीला ४४.६५. फरक ०.४०, म्हणजे दाताची झीज एक दशांश मिमीच्या जरा वर. दुसऱ्या रॉडवर याहून कमी. माझ्या मते निर्णय इथंच झाला, पुढचं सगळं किंमत ठरवण्यासाठी.

वरच्या वीतभर भागात गंजाचे बारीक खड्डे आहेत, पत्रा गळत होता त्याखाली. नट तिथवर जातच नाही, वरच्या टोकाचा लिमिट स्विच मोटर आधीच बंद करतो. लिफ्टच्या हातांच्या वेल्डिंगवर डिझेल फासून, पुसून, वर खडूची पूड लावली. भेग असती तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटली असती. उमटली नाही. तरी उतरवल्यावर डीपी टेस्ट (रंग मुरवून बारीक भेगा शोधायची चाचणी) करूनच घेणार, हातांच्या पिनांची भोकंही तेव्हाच. खांबांच्या तळपट्ट्या गाड्या धुतल्याच्या पाण्यानं खाल्ल्या आहेत, पण बोल्टच्या भोकांभोवती जाडी शाबूत आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. चेन सैल पडली किंवा तुटली तर मोटर बंद करणारा छोटा स्विच खाली असतो. त्याच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. अण्णांना विचारलं. ‘सारखी बंद पडायची वो, कामाचा खोळंबा.’ सारखी बंद पडायची, कारण चेन ताणून लांबली होती. स्विच त्याचं काम करत होता आणि त्यालाच गप्प बसवलं. जुनी लिफ्ट बघायला जाल तेव्हा आधी हा स्विच शोधा. बाकीच्या देखभालीचा अंदाज त्यावरूनच येतो.

आता आपल्या गाडीबद्दल, कारण जीपवाल्या मित्रानं इथंच मला अडवलं. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळं पेलते, म्हणजे मोनोकॉक. लिफ्टचे हात टेकायचे ते सिलच्या जॅक पॉइंटजवळ, आणि माझे सिल बिस्किटासारखे चुरतात. म्हणजे ज्या कामासाठी लिफ्ट हवी होती त्याच कामाला ती चालणार नाही! पुढं क्रॉसमेंबरखाली (पुढच्या आडव्या पट्टीखाली) आणि मागं पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पुढच्या हँगरपाशी चॅनेल आडवे टाकून गाडी उचलता येईल. पण सिल कापलेली मोनोकॉक चार बिंदूंवर लटकवून वेल्डिंग केलं तर दारांच्या फटी कुठल्या कुठं जातील. त्यामुळं सिल आधी, स्टँडवरच, एका वेळी एक बाजू, दाराच्या चौकटीत आडवे पाइप मारून. लिफ्ट त्याच्यानंतर गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेक लाइन, सायलेन्सरसाठी. मित्राच्या जीपचं सोपं आहे, शिडीसारखी चॅसी, हात लावा आणि उचला. वजनाची काळजी दोघांनाही नाही. पद्मिनी टनाच्या आतली, लिफ्ट अडीच टनी. इंजिन-गिअरबॉक्स उतरवला की मात्र पुढचं वजन जातं आणि गाडी मागं झुकायला बघते, तेव्हा मागं उंच टेकू हवाच.

शेडची उंची पुरते. हात १.८ मीटरवर गेले तर दीड मीटरच्या आतबाहेर उंचीच्या पद्मिनीचं छप्पर तीन मीटरच्या जरा वर जातं, कारण हात टेकतो ती जागाच जमिनीपासून वीतभर वर असते. माझ्या शेडच्या छपराची कैची पावणेचार मीटरवर आहे.

जमीन हा खरा खर्च आहे. कोबा किती जाड आहे ते बघायला कोपऱ्यात १० मिमीचं भोक पाडलं, तारेचा आकडा खालच्या कडेला अडकवून मोजलं. जेमतेम तीन इंच, त्याखाली थोडा मुरूम आणि मग आमची काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा कोब्यावर अँकर बोल्ट मारून खांब उभे करणं म्हणजे जीवाशी खेळ. दोन्ही खांबांखाली कोबा तोडून माती काढायची, मुरूम भरून ठोकायचा, सळईची जाळी आणि एम-२५ काँक्रीट. दोन्ही पाये मधल्या पट्ट्यानं एकत्र बांधायचे, म्हणजे एक खचला आणि दुसरा राहिला असं होणार नाही.

विजेचं कोडं त्या मानानं सोपं. मोटर ३ एचपी, थ्री फेज. घरी सिंगल फेज. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट स्टार लिहिलंय (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) आणि डब्यात वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर आहेत. डेल्टात जोडली की हीच मोटर २४० व्होल्ट थ्री फेजवर चालते, आणि सिंगल फेज घेऊन तेवढं देणारा व्हीएफडी (इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) बाजारात मिळतो. लिमिट स्विच आणि तो चेनचा स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्यायचे. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) टाकून चालू लाइन तोडायची नाही, ड्राइव्ह जळतो.

अण्णांनी ६५ हजार सांगितले होते, ‘चालू कंडिशन’ म्हणून. मी डायल गेजचे आकडे आणि पिळलेल्या वायरी समोर ठेवल्या. चार नट, दोन थ्रस्ट बेअरिंग, चेन, बेल्ट, व्हीएफडी, पाया, हे सगळं पन्नास हजारांच्या घरात जातंय. नव्या हायड्रॉलिकचं कोटेशन कर आणि वाहतूक धरून दीड लाखाच्या पुढं आलं होतं. भंगारवाला त्यांच्याकडं आधीच येऊन गेला होता, त्यामुळं तळाची किंमत दोघांनाही माहीत होती. त्याच्या थोडं वर, ३२ हजारांवर ठरलं. खांब उतरवायला चेनब्लॉक आणि पोरं त्यांची, टेम्पो माझा. विसार देऊन आलो. खरं सांगायचं तर रॉडवर फरक ०.४० ऐवजी एक मिमी आला असता तर फुकटातही उचलली नसती.

नट चारही नवे करणार. सेफ्टी नट कोरे दिसतात म्हणून ठेवावेत असं टर्नर मिस्त्रींचं म्हणणं, पण ज्याच्यावर शेवटचा भरवसा तोच जुना ठेवायला मन होत नाही. माल फॉस्फर ब्राँझ. ‘गनमेटल’ म्हणून जे काय मिळेल ते नको, आणि पितळ तर नाहीच. मिस्त्रींनी रॉडच घेऊन या म्हटलंय, नट त्याच्यावर चढवून बघत आटे पाडणार. बसवल्यावर पहिल्यांदा रिकामी, मग मित्राची जीप फूटभर उचलून रात्रभर, सकाळी मुख्य आणि सेफ्टी नटातली फट फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा मोजायची. तोवर खाली कुणी जायचं नाही, मीसुद्धा.

त्या फटीबद्दलच एक मदत हवी आहे. कंपनीची पाटी पुसट झालीय, पुस्तिका नाही. कुणाकडं ४४×७ च्या रॉडची अडीच टनी लिफ्ट असेल आणि नट बदललेले असतील, तर नवं असताना मुख्य नट आणि सेफ्टी नट यांच्यात किती फट ठेवली होती ते कळवा. मिस्त्री पुढच्या आठवड्यात ओतकाम लावणार आहेत आणि नटांची उंची त्यावरच ठरणार आहे.