डावा पाय सांभाळून घेतो

जुन्या गाडीचा क्लच संपत आलाय, हे ती रोज चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. दुसरं कुणीतरी पाच मिनिटांसाठी गाडी हातात घेतं, पेडल सोडता सोडता मध्येच थबकतं आणि विचारतं, "हा इतक्या वर पकडतो?" आपण म्हणतो, पहिल्यापासून असाच आहे. आणि ते आपल्याला अगदी मनापासून खरं वाटत असतं.

यात दोष डाव्या पायाचा आहे. पाय फार समजूतदार असतो. क्लचची प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली, घासून पकड धरणारी चकती. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये ती जसजशी पातळ होत जाते, तसतशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाकडे सरकते, तिच्या ताटलीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं उलट बाजूला, बाहेर येतात आणि क्लच पकडण्याची जागा पेडलवर हळूहळू वर चढते. पण चढते किती? दिवसाला केसभरसुद्धा नाही. पाय तेवढाच वर येतो, कुणाला न सांगता. वर्षं जातात. मग एक दिवस गुडघा जवळजवळ स्टिअरिंगला टेकायला आलेला असतो आणि तीच आपली बसायची ढब झालेली असते. द्रवाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच तर त्याहून लबाड. तो झीज आतल्या आत भरून काढतो, पेडल जिथल्या तिथे ठेवतो आणि शेवटपर्यंत काही बोलत नाही.

बोलतो तो चढावर. चौथ्या गिअरमध्ये पुढच्याला मागे टाकायला पाय दाबावा, इंजिनाचा आवाज तावातावाने वर जावा आणि वेगाचा काटा मात्र होता तिथेच बसून राहावा. क्लच स्लिप होतो म्हणतात तो हाच. तरीही लगेच कबुली मिळत नाही. आज गाडीत माणसं जास्त आहेत, एसी चालू आहे, पेट्रोल बरोबर नसेल, टायरमध्ये हवा कमी असेल. जुन्या गाडीचा मालक कारणं शोधण्यात कुठल्याही वकिलाला हरवतो.

वाद मिटवायची एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढायचा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन गचका खाऊन तिथल्या तिथे बंद पडतं. ते निवांत चालूच राहिलं, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. ही परीक्षा एकदाच करावी. खात्रीसाठी परत परत केली तर उरलेली प्लेट त्या खात्रीतच जळते.

मुळात हा भाग झिजण्यासाठीच केलेला असतो. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असतं, चाकं थांबलेली असतात आणि या दोघांची भेट घालून द्यायची, तर कुणीतरी मध्ये घासलं जाणारच. गाडी जागेवरून हलताना तिला जेवढी गती मिळते, साधारण तेवढ्याच ऊर्जेची उष्णता क्लचमध्ये तयार होते. रेस जास्त दिली तर त्याहून जास्त. हे सगळं सोसायला नव्या प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत दोन्ही बाजू मिळून साधारण दोन मिलिमीटर लायनिंग, म्हणजे रिव्हेटने जडवलेलं घासायचं अस्तर, असतं. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते: रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाखाली ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिलं की प्लेट बदला. एवढ्या भांडवलावर कुणाचा क्लच ४०,००० किलोमीटरला हात टेकतो, कुणाचा १,५०,००० ओलांडूनही चालतो. गाडी तीच, पाय वेगळे. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं ही अनेकांना कला वाटते. मला ती प्लेट जाळून केलेली आरास वाटते. हँडब्रेक फुकट असतो.

आपल्या आधीच्या लोकांना निदान हे घासणं डोळ्यांनी दिसायचं. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत आज आपण म्हणतो तसा क्लच नव्हताच. मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवरचा पट्टा सरकवून पक्क्या पुलीवर आणला की गाडी निघायची. पुढे शंकूच्या आकाराचे क्लच आले आणि त्यांना चक्क कातडं लावलेलं असे. ते वाळून कडक झालं की गाडी धक्के देत सुटायची, म्हणून त्याला तेल चोळायचं. तेल जास्त झालं की ते घसरायचं. मग त्यावर मुलतानी माती भुरभुरवायची. चेहऱ्याला लावतात तीच. त्यानंतर बराच काळ लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता सोसणारं तंतूंचं खनिज, असायचं. म्हणूनच जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवल्यावर आतली काळी धूळ हवेच्या नळीने फुर्रकन उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ती छातीत गेलेली चालत नाही.

प्लेट हातात घेतली तर केवढीशी असते! पण बसलेली असते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बरोबर मध्ये, त्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचायचं म्हणजे अर्धी गाडी सोडवायची. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत बॅटरी काढा, स्टार्टर काढा, गिअरच्या केबली सोडवा, ऑइल काढा, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट उपटा, इंजिनाला खालून टेकू द्या आणि मग गिअरबॉक्स इंजिनापासून हळूच बाजूला सरकवा. या कामात वस्तूपेक्षा मजुरी जड जाते ती यामुळेच. मेकॅनिक "आता उघडलंच आहे तर" असं म्हणू लागला की माझा हात एरवी आपोआप खिशावर जातो. या एका कामात मात्र त्याचं निमूट ऐकावं. नवी प्लेट टाकून पेडल दाबल्यावर स्प्रिंगची बोटं ढकलणारं रिलीज बेअरिंग मात्र जुनंच ठेवलं आणि ते काही महिन्यांनी किरकिरायला लागलं, तर हा सगळा डोंगर पुन्हा उपसायचा. इंजिनाचं मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही आत्ताच. तेलाचे चार थेंब नव्या लायनिंगवर आले की नवी प्लेट जुन्यासारखीच घसरू लागते. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक भेगा आहेत का, तेही बघून घ्यायचं. तो निळा रंग उष्णतेचा. चढावर तोलून धरलेल्या प्रत्येक मिनिटाची नोंद तिथे असते.

बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. प्लेटला फ्लायव्हीलची बाजू आणि गिअरबॉक्सची बाजू असते. ती उलटी बसली तर मधला स्प्रिंगचा फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासू शकतो. प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर येतो, तो पुसावा लागतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायचं, पण नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवरच जायचं. मग डमी शाफ्ट, म्हणजे खऱ्या शाफ्टच्या जागी तात्पुरता दांडा, घालून प्लेट बरोबर मध्यावर धरायची आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. मध्य जरा चुकला तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही आणि दोन माणसं तो जड ठोकळा छातीशी धरून एकमेकांना दोष देत बसतात.

माझ्या गाडीचं काम झाल्यावर ती सुरू केली. पाय नेहमीच्या उंचीला येण्याच्या कितीतरी आधी क्लचने पकडलं आणि गाडी बंद पडली. पुन्हा तेच. मेकॅनिक बाजूला उभा राहून कौतुकाने बघत होता. त्याच्यासमोर सगळ्यांचंच असं होत असणार. पेडल इतकं हलकं लागत होतं, की काहीतरी जोडायचं राहून गेलं की काय अशी शंका आली. तसं काही नव्हतं. सुरुवातीचे काही शे किलोमीटर जोरात उचलू नका, नवं लायनिंग फ्लायव्हीलशी नीट बसू द्या, एवढंच तो म्हणाला.

फाटकाबाहेर पडेपर्यंत पाय बराच खाली उतरला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी सरळ ओढायला लागली, की मी जरा चपापलोच. आणि तेव्हाच डॅशबोर्डमागून एक बारीक थरथर ऐकू आली. मागे वळून मेकॅनिकला विचारलं, ही नवीन कुठून आली?

"नवीन नाही हो. इंजिनाचं रबरी माउंटिंग गेलंय. काम काढताना सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात, पहिल्यापासून असंच आहे."