जुलैतला चोर्ला घाट: पाऊस, रस्ता आणि पानांआडची मंडळी

पणजीचं आभाळ बघून गोव्याहून बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटाचा बेत ठरवू नका. आम्ही निघालो तेव्हा पणजीत चक्क ऊन होतं, साखळीत रिमझिम, आणि केरी मागे पडेपर्यंत वायपरला दम घ्यायला फुरसत नव्हती. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून सत्तरी-सांग्याकडचा पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्तच. ऑरेंज अलर्ट असेल तर घाट पुढे ढकला. रेड असेल तर घरी बसून भजी खा.

पेट्रोल साखळीतच भरून घ्या. घाटात मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवलेला बरा. चढणीवरचं डांबर आम्हाला ठीक मिळालं. पण वळणांवर डोंगरातून वाहून आलेली माती आणि मुठीएवढे दगड होते, दुचाकीवाल्यांनी तिथे फार जपावं. माथा साधारण 800 मीटरवर आहे. तिथे धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेही जेमतेम दिसतात. लो बीम ठेवा. चारही इंडिकेटर लावून गाडी हाकणाऱ्यांना मात्र कोणीतरी आवरा, वळणार कुठे हेच मागच्याला कळत नाही. माथ्यापलीकडे जांबोटीच्या बाजूला खड्डे पाण्याने भरलेले. पुढच्या गाडीचं चाक किती बुडतं ते पाहूनच आम्ही गाडी घालत होतो.

धबधब्यांबद्दल थोडं सविस्तर. म्हादई अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला कधी परवानगी असते, कधी बंदी, आणि ती पावसाप्रमाणे बदलते. आदल्या दिवशी वनखात्याकडे चौकशी करा. रस्त्याकडेच्या ओढ्यातही डोक्यावरचं आभाळ नव्हे, पायाखालचं पाणी बघायचं. केरीत पातळभाजी-पाव खाताना शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "पाणी तांबूस झालं, काटक्या-पाला वाहायला लागला, की आधी बाहेर पडायचं. चपला मागून शोधता येतात, बाबा." वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली ऊन असतानाही लोंढा घेऊन येतो.

रात्री अभयारण्यात फिरता येत नाही. आम्ही स्थानिक वाटाड्याला घेऊन, जमीनमालकाला विचारून, गावालगतच्या बागायतीत हिंडलो, आणि तेवढ्यातच पैसे वसूल झाले. एका डबक्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं! अंडी त्या फेसात उबतात आणि पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. जवळच मादी बसली होती, हिरवीगार, बोटांमधले पडदे नारिंगी.

वाटाड्याने अचानक हात आडवा धरला. कमरेच्या उंचीवर, ओढ्याकाठच्या झुडपात मलबारी चापडा, हा विषारी साप. तो हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळसरही असतो, म्हणून रंगावर विसंबू नका. तो तासन् तास एका जागी भक्ष्याची वाट बघत बसतो, पळून जात नाही, त्यामुळे चुकून हात लागण्याचा धोका जास्त. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेली आहे, चापड्यासाठी नाही. फांदीला धरून चढणं-उतरणं बंद, टॉर्च प्रत्येकाकडे. दंश झालाच तर कापाकापी न करता 108 ला फोन करा आणि रेंज नसेल तर सरळ साखळी किंवा वाळपईचं सरकारी रुग्णालय गाठा.

जळवा चावणारच. जळवेच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे जखम बराच वेळ वाहते, घाबरू नका. नखाने बाजूला सारून काढा, जाळायच्या फंदात पडू नका. पँट मोज्यात खोचली की अर्धं काम होतं.

सकाळी शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकायचा असेल तर उजाडायच्या आधी जागे व्हा. आणि परतीला अंधार पडायच्या आत घाट उतरा, कारण संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. समोर आला तर हॉर्न न वाजवता थांबा. एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागे कळप असतो.