तुम्ही विचारलेत म्हणून: ‘अनलॉ’ म्हणजे दंडच ना?

दंड तो दंड. जुन्या स्कॉटिश कोर्टांना त्यासाठी इतके शब्द कशाला लागत, आणि त्या शब्दांपायी मी इतकी वर्षे का घालवली, असे मला बाहेर विचारतात, घरीही विचारतात. आजवर मी विषय बदलत आले.

शब्द अनेक होते, कारण पैसा एकाच हाती जात नव्हता. ‘अनलॉ’ कोर्ट भरवणाऱ्याच्या, म्हणजे राजाच्या किंवा बॅरनच्या (जमीनदार सरदाराच्या), पदरात पडे. ‘असाइथमेंट’ मारल्या गेलेल्याच्या नातलगांना मिळे आणि ते वैर मिटल्याचे लिहून देत. हा हक्क कायद्याने रद्द झाला तो थेट 1976 मध्ये. शेजाऱ्याला इजा करणार नाही, असा ‘लॉबरोज’ नावाचा जामीन मोडला, तर रक्कम निम्मी राजाची, निम्मी फिर्यादीची. त्याहून जुन्या ‘क्रो’मध्ये, म्हणजे जिवाबद्दलच्या भरपाईत, राजाच्या जिवाचे मोल एक हजार गाई होते आणि साध्या शेतकऱ्याच्या जिवाचे सोळा. हे सगळे ‘दंड’ या एका शब्दात कोंबले, तर तो शेतकरी दिसेनासा होतो.

हे आज ठामपणे सांगणाऱ्या मीच एकदा तेच केले होते. एका बॅरन कोर्टाच्या यादीत गैरहजर कुळांच्या नावांपुढे ‘अनलॉ’ लिहिले होते. मी ‘अपराध’ असे भाषांतर करून छापले, त्यामुळे कोर्टात न आलेली साधी माणसे माझ्या लेखात गुन्हेगार ठरली. पेशवाईचे कागद वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले: “बाई, आमच्या कागदांत ‘गुन्हेगारी घेतली’ असे येते, तेव्हा ती वसूल केलेली रक्कम असते. आपल्या शब्दाचे तसेच नाही ना?” मराठीवरून स्कॉट्स भाषेतल्या शब्दाचा अर्थ लावू नये, असे मी त्यांना तुटकपणे कळवले. तीन महिन्यांनी जुन्या स्कॉट्सचा कोश उघडला, तर अनलॉचे दोन्ही अर्थ तिथे होते: कायद्याचा भंग, आणि त्याबद्दल भरायची रक्कम. त्यांच्या गुन्हेगारीसारखेच. मी त्यांना पुन्हा पत्र लिहिले नाही. घाई होती, संदर्भ अपुरे होते, ही कारणे खरी आहेत. पण कोश तेव्हाही माझ्या टेबलावरच होता.

आता मी ‘गुन्हेगारी’ लिहिते, तर आजचा वाचक त्यातून केवळ गुन्हाच वाचतो. ‘दंड’ लिहिते, तर त्यातला कायदाभंग गळतो. त्या यादीचे नवे भाषांतर छापायला द्यायचे आहे आणि नावांपुढची जागा मी अजून कोरीच ठेवली आहे.