ताक नसलेली कढी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि वर्ग, फळा, गुरुजन यांच्याही आधी आठवला तो माझ्या बाकावरच्या मित्राचा मधल्या सुट्टीतला डबा. अमळनेर तालुक्यातील खेड्यातून वडिलांच्या नोकरीनिमित्त आम्ही जळगावला आलो, तेव्हा भाड्याची जागा मिळाली ती एका सिंधी कुटुंबाच्या भिंतीला भिंत लागून. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांपैकी ते घर होते, आणि त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. पहिल्याच आठवड्यात त्याने कढी-भात म्हणून जे पुढे केले त्यात ताकाचा थेंबही नव्हता. बेसन तेलात खमंग भाजून, चिंचेचा कोळ घालून त्यात गवार, भेंडी आणि शेवग्याच्या शेंगा शिजवल्या होत्या. याला कढी म्हणावे का, यावरून आमचे भांडण जुंपले आणि भांडता भांडता डबा मीच संपवला.

त्याच्या आईला मी मासी म्हणत असे. दारात पाऊल पडताच ‘अचु पुट’ (ये बाळा) म्हणून ती आधी भाजलेला मिरीचा पापड आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवी. नुसत्या पापडाने पाहुणचार होतो, हे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवणीच्या डब्यात जपून ठेवणाऱ्या आमच्या घराला नवीनच होते. हिवाळ्यात आई काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या तिकडे पाठवी, पण ताट परत येई ते कधीच रिकामे नसे.

अडचण झाली ती श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे, ही आमच्याकडची रीत. दर्शनाला आलेल्या मासीच्या हाती रोट देता येईना, म्हणून आई ओशाळून म्हणाली, “बहीन, रोट बाहेर देतस नही.” आजी तर जागची हललीही नाही. मासीने डोक्यावरचा पदर नीट केला, कानबाईला हात जोडले आणि ती घरी गेली.

पुढे वद्य सप्तमीला त्यांचा थदडीचा सण आला. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. सकाळीच मासीने गूळ-तुपातल्या जाड गोड रोट्या, म्हणजे लोले, आणि वाटीभर दही आणून दिले. आईने ते ताट बराच वेळ खाली ठेवले नाही. पहिला तुकडा मोडला तो मात्र आजीने.

रोट त्या घरी कधीच गेला नाही, आणि मासीने तो कधी मागितलाही नाही. गेल्या महिन्यात महोत्सवाचे निमंत्रण घेऊन मित्राकडे गेलो होतो. सूनबाई चहाचे विचारत होत्या, तेवढ्यात आतून मासीचा थकलेला आवाज आला, “पहले पापड दे उसको.”