सराट्याच्या मुलखातून सड्यावर

तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्याशी एक चहाची टपरी आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी मी तो घाट सायकलनं चढून वर गेलो, वळलो, खाली आलो आणि परत चढायला लागलो. तिसऱ्यांदा खाली आलो तेव्हा टपरीवाल्या मामांना राहवेना. "काय करूलालाव ओ? नवस बोललाव का काय?" म्हटलं, नाही मामा, कोकणात सायकल चालवायला जायचंय, त्याची तयारी. त्यांनी चहा पुढं केला आणि पैसे घेतले नाहीत. नवसच असणार, सांगायला लाजतोय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी लातूरचा. मेडिकलचं दुकान आहे. वय 49, वजन विचारू नका. चार वर्षांपासून रोडबाइक चालवतो. सकाळी औशापर्यंत जाऊन यायचं, रविवारी खरोशाची लेणी नाहीतर मुरूड. एवढाच संसार. यात कोकण घुसवलं ते माझ्या मेहुण्यानं. तो परभणीला बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. त्याच्या फोनवर कुठूनतरी माहिती आली: पाच दिवस, दापोली ते आंबोली, सोबत लीड म्हणजे पुढं राहून सगळ्यांना नेणारा म्होरक्या, मेकॅनिक, सामानाची गाडी, राहणं-जेवण त्यांचंच. "दाजी, समुद्राच्या कडंकडंनं जायचंय. सपाट रस्ता असतोय. काही टेन्शन नाही." हे वाक्य मी पुढं पाच दिवस त्याला रोज ऐकवलं.

फॉर्म भरताना पहिला दणका बसला. आठवड्याला किती किलोमीटर, आजवरची सर्वांत लांब राइड किती, बीपी-शुगर, डॉक्टरांचं पत्र, हे सगळं ठीक होतं. शेवटी विचारलं होतं, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, किती दातांची. मी 11-28 लिहिलं आणि सोडून दिलं. दोन दिवसांनी फोन आला. चिपळूणची मुलगी, तीच आमची लीड असणार होती. "काका, तुमच्या राइडमध्ये चढण किती असते?" 'काका' जरा लागलंच, पण ॲप उघडून बघितलं. ऐंशी किलोमीटरच्या खरोशाच्या राइडला मोठ्या मुश्किलीनं तीनेकशे मीटर. ती म्हणाली, "आपल्याकडे रोज हजार-बाराशे धरा." म्हटलं, समुद्राकाठी कशाची आलीय चढण? ती हसली. "प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं. दिवसात असं पाच-सहा वेळा."

मग तिनं कामं लावून दिली. 28 ची कॅसेट काढून 32 ची घाला, दात जास्त तेवढा चढाला गिअर हलका. आठवड्यातून एकदा तरी घाट चढा. आणि सायकलवर बसल्या बसल्या खायची सवय करा, दर चाळीस मिनिटांनी, भूक असो नसो. कॅसेट लातुरात मिळाली नाही, पुण्याहून मागवली. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावून ती बसवली आणि साखळीही दोन कड्यांनी वाढवून दिली. घाटासाठी तुळजापूर. खाण्याचं मात्र मी मनावर घेतलं नाही. आमच्याकडं सकाळी उपाशीपोटी निघायचं आणि औशात गरम भजी खायची, यालाच राइड म्हणतात.

आमच्याकडच्या तयारीत दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे गाळप हंगाम. पहाटेच्या अंधारात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाइट नाही, आणि वर 'मुंगळा डोंगळा' मोठ्यानं. त्यामुळं उजाडायच्या आत निघायचं नाही, असं घरातून बजावलेलं. दुसरी म्हणजे सराटा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो: हरभऱ्याएवढं बी, चहूबाजूंनी टणक काटे, कसंही पडलं तरी एक काटा वरच. रोडबाइकच्या टायरला त्याचं फार प्रेम. म्हणून मी कोकणात न्यायला सहा ट्यूब घेतल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. सायकली रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्यापर्यंत. मी पुढचं चाक काढून, गोधडीत गुंडाळून, "वर काही ठेवू नका" असं तीनदा सांगून डिक्कीत ठेवली. पुण्यात काढली तेव्हा वर हरभऱ्याच्या डहाळ्याचं पोतं होतं. क्लिनरला विचारलं तर म्हणाला, हिरवा हरभराच आहे, वजन नाही त्याला. ज्यांना न्यायची असेल त्यांनी खोक्यात भरून न्या, आणि मागचा डिरेलर, साखळी एका गिअरवरनं दुसऱ्यावर सरकवतो तो, खोलून आत बांधा. एका पान्याचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

त्याचं फळ दापोलीत पहिल्याच सकाळी मिळालं. साडेसहाला सगळे चौदा जण गोल उभे. लीडनं नियम सांगितले: तिच्या पुढं कुणी जायचं नाही, सर्वांत मागच्या स्वीपच्या मागं कुणी राहायचं नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू. निघून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर माझी साखळी एका गिअरवर थांबेना. कट्ट, कट्ट. मेकॅनिकनं गाडी थांबवली, मागून एक नजर टाकली आणि म्हणाला, "हँगर वाकलाय." डिरेलर ज्या बोटभर लांबीच्या मऊ पट्टीवर लटकतो ती ही पट्टी. मऊच असते, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी, फ्रेम वाचावी. त्यानं डिरेलर सोडवला, त्या भोकात एक लांब दांडी आवळली आणि तिचं टोक चाकाच्या रिमला लावून बघितलं. वर, खाली, पुढं, मागं. वरच्या बाजूला टोक रिमला टेकत होतं, खाली करंगळी जाईल एवढी फट. मग दांडी तळहातानं हळूच दाबली. करकर आवाज आला तशी माझी छाती धडधडली. परत मोजलं, परत दाबलं. सात-आठ मिनिटांत साखळी दोरा ओवल्यासारखी फिरायला लागली. जाता जाता त्यानं टायरमधली हवाही कमी केली. मी लातूरच्या सवयीनं 100 पीएसआय भरली होती, त्यानं 75 वर आणली. म्हणाला, इथले रस्ते फुटलेत, दगडावर उडत जाल.

कर्दे, लाडघर, बुरोंडी करत दाभोळला पोचलो. मधे समुद्र उजव्या हाताला कधी दिसे, कधी झाडीत जाई. पण मला आठवते ती फेरीबोट. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडं धोपाव्याला ट्रक, मोटारी, माणसं, म्हशी, सगळं एकाच बोटीत. लीड बोटीवर प्रत्येकाला सांगत फिरत होती: उतरायच्या आधी सर्वांत हलका गिअर टाकून ठेवा, धक्क्यावरनं लगेच चढ आहे. मी मान डोलावली आणि खाडीचे फोटो काढत बसलो. लोखंडी फळी पडली, मी मोठ्या गिअरवरच निघालो. शंभर पावलांवर चढ उभा राहिला, मी घाईनं गिअर पाडला, साखळी सुटली आणि मी एसटीच्या पुढ्यात एक पाय टेकून उभा. कंडक्टर खिडकीतनं म्हणाला, "सावकाश हां." मागून येऊन लीड काहीच बोलली नाही. तिनं साखळी बसवली, बोटांचं काळं माझ्याच फडक्याला पुसलं आणि म्हणाली, "चला."

दुसरा दिवस सुखाचा गेला, त्यामुळं सांगण्यासारखं कमी. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून फेरीनं जयगड आणि गणपतीपुळे. या वेळी फेरीतनं उतरताना गिअर हलका होता. वाड्यांमधनं जाताना दोन्हीकडं कुंपणाला तांबड्या चिऱ्यांचे गडगे, वरनं पोफळीची सावली. तो चिरा बघून मला एकदम खरोसा आठवलं. तोच जांभा दगड, आमच्याकडं त्यात लेणी कोरली, इथं घरं बांधली. मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, श्वास पुरतोय का बघा आधी."

तिसऱ्या दिवशी श्वास पुरला, पाय पुरले नाहीत.

सकाळ आरे-वारेच्या रस्त्यानं सुरू झाली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, वळणावळणाला थांबावंसं वाटतं आणि आम्ही थांबलोही. तिथंच वेळ गेला. रत्नागिरी सोडून पावसकडं निघालो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आता लातूरच्या माणसाला ऊन काय सांगता! पण आमच्याकडं घाम सुकतो, शर्टावर पांढरे डाग राहतात, आपल्याला कळतं मीठ गेलं. इथं घाम सुकतच नाही. नुसता कोपरावरनं ठिबकत राहतो, आणि आपण भिजलेले असल्यानं तहान लागल्याचं कळत नाही. पूर्णगडची खाडी ओलांडली, पुढचा चढ सुरू झाला आणि डाव्या पोटरीत गोळा आला. मग उजव्या. मग मांडीत. मी सायकल गडग्याला टेकवली आणि चांगला मोठ्यानं ओरडलो.

स्वीप मागं होताच. त्यानं माझी बाटली हलवून बघितली. भरलेली. "काका, सकाळपासून एकच?" एकच. ओआरएसची पाकिटं? खिशात, चारीच्या चारी, न फोडलेली. वीस वर्षं काउंटरवर उभा राहून बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, जुलाब झालेल्या पोराला मी सांगत आलोय की एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट टाका, अर्धं टाकू नका, थोडं थोडं पाजा. तेच पाकीट एका बावीस वर्षांच्या पोरानं माझ्या बाटलीत ओतलं आणि मला सांगितलं, "थोडं थोडं प्या."

मी म्हटलं, दहा मिनिटांत निघतो. तेवढ्यात लीड उलटी फिरून आली. "नाही काका, आज गाडीत." मी हुज्जत घातली. पैसे भरलेत, एवढे घाट चढून आलोय, पाहुणे काय म्हणतील, सगळं बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज चाळीस किलोमीटर सोडाल तर उद्या-परवा चालवाल. आज चालवाल तर आंबोली गाडीतनं बघाल. ठरवायचं मी असतं, तुम्ही नाही. त्याचेच पैसे भरलेत तुम्ही." मी निमूट बसलो. मेहुण्यानं फोटो काढला आणि माझ्या पोहोचण्याआधी तो बायकोपर्यंत पोहोचला होता.

विजयदुर्गापर्यंतचा रस्ता काचेतनं बघितला. सडा काय असतो ते तेव्हा नीट दिसलं. वर चढून आलं की एकदम सपाट, काळपट-तांबडा कातळ, सुकलेलं पिवळं गवत, झाड औषधालाही नाही. क्षणभर वाटावं की उन्हाळ्यातल्या आपल्या माळावर आलोय. मग रस्ता खाली कोसळतो आणि पुन्हा नारळ.

चौथ्या दिवशी मी मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावला. वाजला की खायचं: घरनं आणलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू, धपाट्याचा तुकडा, केळ. पुण्याच्या मंडळींनी त्यांच्या एनर्जी जेलच्या पुड्या ठेवून माझे धपाटे संपवले. देवगडच्या बाजूला हापूसला मोहोर आला होता आणि बागांमध्ये फवारणी चालली होती. मग मेहुण्याचं काही खरं नाही. प्रत्येक बागेपाशी थांबून "तुडतुड्याला काय मारलं? कितवी फवारणी?" स्वीपला दिवसभर त्याच्यासाठी थांबावं लागलं, आणि त्या दिवशी त्यांचा खरा पेशंट मी नव्हतो, याचं मला समाधान. कुणकेश्वर, आचरा, मालवण. संध्याकाळी घावणे आणि सोलकढी.

शेवटच्या दिवशी समुद्राकडं पाठ. सावंतवाडी सोडली, दाणोलीच्या पुढं घाट लागला आणि जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलं. तुळजापूरचा घाट उघडा, उन्हात कुठवर चढायचं ते दिसतं. इथं पुढचं वळणच तेवढं दिसतं. ओल्या पालापाचोळ्याचा वास, कठड्यावर माकडं, वरनं गारवा. पुढच्या 34 दातांना मागचे 32 लावून, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरवर, मी ताशी आठच्या वेगानं चढत होतो. लीड शेजारी आली. "काका, बोलता येतंय ना? बोलता आलं नाही तर वेग कमी करायचा." मग काय बोलू? टपरीवाल्या मामांची गोष्ट सांगितली, नवसाची. सांगायला मला दोन किलोमीटर लागले. ती म्हणाली, "म्हणजे आज फेडताय म्हणा." वर पोचायला दीड तास लागला. मधे दोनदा थांबलो, दोन्ही वेळा तिच्या सांगण्यावरनं.

आंबोलीत मेकॅनिकच्या घड्याळानं उंची दाखवली: सातशेच्या आत-बाहेर. लातूर सहाशेच्या वर आहे. पाच दिवस चढ-उतार करून मी फिरून घरच्याच उंचीला आलो होतो. हॉटेलवाल्यानं सांगितलं, इथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेहुण्यानं लगेच हिशेब केला, "म्हणजे आपलं आठ-नऊ वर्षांचं पाणी." 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा दुकानाच्या मागं चार घागरी लपवून ठेवलेल्या मला आठवल्या. हॉटेलच्या बाहेर एक नळ नुसताच वाहत होता. मी उठून बंद केला. परत येऊन बसेपर्यंत तो कुणीतरी पुन्हा सोडला होता.

येताना सायकल खोक्यात आली, डिरेलर खोलून. सहा ट्यूब नेल्या, सहाच्या सहा परत आणल्या. कोकणात पाच दिवसांत एक पंक्चर नाही. पुढच्या रविवारी सकाळी औशाला निघालो, पेट्रोल पंपाच्या अलीकडंच मागचं चाक बसलं. टायर काढून आतनं बोट फिरवलं: दोन सराटे.