तासाला तीन लाख

"मॅडम, शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट. मग एकच बोली टाकायची. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरता कामा नये."

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या आमच्या ऑफिसात हिंजवडीतला एक इंजिनिअर मला हे समजावून सांगत होता. शेजारी त्याची आई बसली होती आणि 'ऐका हं, हुशार आहे तो' अशा नजरेनं माझ्याकडे बघत होती. मी वकील नाही. कर्ज थकल्यामुळे बँकांनी लिलावात काढलेली घरं ज्यांना घ्यायची असतात त्यांची कागदपत्रं बघायची, जागेवर जाऊन यायचं, ऑनलाइन लिलावाच्या पोर्टलवर नोंदणी करून द्यायची आणि लिलावाच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसायचं, हे माझं काम. बोली कशी लावावी याचे सल्ले मला रोजच ऐकावे लागतात. बहुतेक जण भाचा किंवा शेजारी यांच्याकडून ऐकलेलं सांगतात. हा गडी मात्र स्वतः खेळलेला होता.

त्याला जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स जमवायचा नाद. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीची भारतातली साइट २०१८ साली बंद झाली, तरी हा परदेशातल्या मित्राच्या पत्त्यावर लेन्स मागवतो आणि मित्र आला की घेऊन येतो. ईबेवर लिलाव संपायची वेळ पक्की असते. घड्याळ शून्यावर आलं त्या क्षणी जो वर, तो जिंकला. तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकून ठेवता, यंत्रणा तुमच्या वतीनं गरजेपुरतीच वाढवते, आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा जेमतेम एक पायरी वरची किंमत द्यावी लागते. हिशेबानं बघितलं तर सकाळी टाका नाहीतर शेवटी टाका, फरक पडू नये. पण माणसं हिशेबानं वागत नाहीत. कुणी आपल्यावर चढलं की पिसाळतात, 'अजून थोडं, अजून थोडं' करत राहतात. शिवाय जाणकार माणसानं आधीच बोली लावली, तर बाकीच्यांना वास लागतो की यात काहीतरी आहे. म्हणून जाणकार गप्प बसतो आणि शेवटच्या काही सेकंदांत येतो.

आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा २००२ सालचा अभ्यासही त्यानंच मला सांगितला. त्या काळी अॅमेझॉनवरही लिलाव चालत, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे ढकलला जायचा. तर ईबेवर शेवटच्या मिनिटांत झुंबड, त्यातही कॉम्प्युटरपेक्षा पुराणवस्तूंना जास्त. अॅमेझॉनवर तशी झुंबड फारच कमी. रॉथना पुढे २०१२ साली नोबेल मिळालं, हेही त्यानं जोडून दिलं. नोबेल म्हटल्यावर काकूंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

त्याची आणखी एक सवय होती. शंभर डॉलरची बोली तो कधीच लावत नाही. एकशे एक डॉलर आणि वर सुटे सेंट लावतो. लोक गोल आकड्यावर थांबतात, आपण त्याच्या जरा पुढे उभं राहायचं. ही सवय मला आवडली. ती पुढे कामाला येईल असं तेव्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

मी त्याच्यापुढे बँकेच्या अटींचं दुसरं पान सरकवलं. 'प्रत्येकी पाच मिनिटांची अमर्याद मुदतवाढ.' शेवटच्या पाच मिनिटांत कुणाचीही बोली आली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे. दहा सेकंद उरलेले असताना तू बोली टाकलीस, तर समोरच्याला पाच मिनिटं मिळणार, आणि चहा पिऊन उत्तर देईल तो. शिवाय इथे कमाल रक्कम टाकून निवांत बसायची सोय नव्हती. जी बोली लावाल ती तुमच्या गळ्यात. आणि बोली २५ हजारांच्या पायऱ्यांनीच वाढवायची. सुटे सेंट इथे चालत नाहीत.

"म्हणजे हे अॅमेझॉनवालं," तो म्हणाला. एवढं लगेच समजणारी माणसं कमी भेटतात.

घर माणिकबागेतलं, सिंहगड रोडच्या आत, जुन्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, लिफ्ट नाही. राखीव किंमत, म्हणजे जिथून बोली वर चढते तो आकडा, ५८,४०,०००. बयाणा त्याच्या दहा टक्के, म्हणजे ५,८४,०००. थकलेल्या कर्जापोटी घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँकेनं प्रत्यक्ष ताबा घेतलेला होता, ही त्यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू. नुसता कागदोपत्री ताबा असलेली घरं मी साध्या माणसांना घेऊच देत नाही. नोंदणी काकूंच्या नावावर केली, कारण घर बाईच्या नावावर असलं की मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, पुण्यात सात टक्क्यांचे सहा होतात. या सवलतीपायी एक गंमत झाली. पोर्टलचे सगळे ओटीपी काकूंच्या फोनवर येणार, आणि काकूंचा फोन पिशवीत, पिशवीत आणखी एक पिशवी, तिला चेन.

जागा बघायला गेलो तेव्हा बँकेचा माणूस कुलूप काढत असतानाच शेजारच्या दारातून एक आजोबा बाहेर आले. अतिशय मनमोकळे. "घेताय का? बघा बुवा. वरच्यांचं बाथरूम गळतं. पार्किंगचं तर विचारूच नका." सोसायटीची थकबाकी किती, टॅक्स किती तुंबलाय, सगळं त्यांना तोंडपाठ. मी वहीत उतरवून घेतलं. बँकेकडून 'जसं आहे, जिथं आहे, जे काही आहे' या तत्त्वावर घर मिळतं, त्यामुळे असा शेजारी भेटणं म्हणजे घबाडच. गळतीचा डाग खरंच होता, बेडरूमच्या कोपऱ्यात, आणि माझ्या अनुभवानं जुना, वाळलेला.

आकडा कागदावर लिहून घेणं ही माझी एकच जबरदस्ती असते. तशा घराला बाजारात पंचाहत्तरच्या आसपास मिळत होते. त्यातून थकबाकी, मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार, डागडुजी वजा करत आम्ही खाली आलो आणि सहासष्टवर थांबलो. काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ६६,००,०००, आणि खाली सही केली. सही मी मागितली नव्हती.

लिलाव अकरा ते एक. मी त्याला एक बोली लवकर लावायला लावली, अठ्ठावन्न पासष्ट, म्हणजे ५८,६५,०००. त्याला ते पटलं नव्हतं, पण शेवटच्या मिनिटाला लॉगिन उडालं, ओटीपी आला नाही आणि आपली एकही बोली नाही, असं झालं तर रडायलाही जागा राहत नाही. त्यानंतर जवळपास दीड तास स्क्रीनवर काहीच हललं नाही. आपण पहिले आहोत एवढंच दिसतं. बाकी कोण, किती, काही कळत नाही.

एक वाजायला अर्धं मिनिट असताना आकडा बदलला. अठ्ठावन्न नव्वद.

"आहे कुणीतरी माझ्यासारखा," तो खूश होऊन म्हणाला.

आणि मग ते दोघे सुरू झाले. हा अर्धं मिनिट उरेपर्यंत थांबायचा, तो अर्धं मिनिट उरेपर्यंत थांबायचा. घड्याळ पाच मिनिटांवर. पुन्हा तेच. शेवटच्या क्षणी झडप घालण्यात काही अर्थ नाही हे आदल्या दिवशी समजलेला माणूस स्क्रीनसमोर बसल्यावर हुबेहूब तेच करत होता. हात ऐकत नाहीत. मी मागे बसून हिशेब केला. पाच मिनिटांना २५ हजार, तासाला तीन लाख. इतक्या सावकाश इतके पैसे वाढताना बघणं फार वाईट असतं. प्रत्येक वेळी २५ हजार किरकोळच वाटतात, आणि मधल्या साडेचार मिनिटांत माणूस स्वतःला समजावून घेतो.

पावणेदोनच्या सुमारास त्यानं आठ सेकंद उरलेले असताना बटण दाबलं आणि पान फिरतच राहिलं. पांढऱ्या स्क्रीनवर ते निळं गोल चक्र. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. बोली नोंदली गेली, पण किती सेकंद उरले होते ते कुणी बघितलंच नाही. मी माउस माझ्याकडे ओढला.

"आता मी सांगते तसं. त्याची बोली आली की लगेच द्यायची. पाच सेकंदांत."

"पण त्यानं किंमत लवकर वाढेल."

"वाढायची तेवढीच वाढेल. तो मात्र दर वेळी विचार करणार आणि आपण करत नाही, असं त्याला दिसेल."

हे शास्त्र आहे असा माझा दावा नाही. पण झटपट उत्तर येत राहिलं की समोरच्याला आपला खिसा खोल वाटायला लागतो, हे मी बघत आले आहे. एकसष्ट नव्वद आला, आम्ही तिथल्या तिथे बासष्ट पंधरा दिलं. पुढची बोली यायला पूर्ण वेळ लागला, आणि त्याच्या पुढचीलाही. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, असं मला वाटून गेलं.

मधल्या वेळात मी अटींच्या कागदामागे पायऱ्या मांडत होते. अठ्ठावन्न चाळीसपासून २५ हजारांच्या पायऱ्या चढत गेलं तर सहासष्ट ही पायरीच येत नाही. पासष्ट नव्वद येते, आणि त्यापुढे एकदम सहासष्ट पंधरा. म्हणजे काकूंच्या सहीचा आकडा खरं तर पासष्ट नव्वद. आणि चालू पाळीनं गेलं, तर पासष्ट पासष्ट आमची आणि पासष्ट नव्वद त्याची. आमच्या आवाक्यातली सर्वात वरची पायरी त्याच्या वाट्याला, आणि आमच्या वाट्याला सहासष्ट पंधरा, म्हणजे सहीच्या पलीकडे. नुसत्या पाळीमुळे आम्ही हरणार होतो.

मी कागद मुलाकडे फिरवला. तो दोन सेकंद बघत राहिला आणि हसायलाच लागला. "पाळी बदलायची. एकदा दोन पायऱ्या घ्यायच्या."

बासष्ट नव्वद आला तेव्हा आम्ही त्रेसष्ट पंधराऐवजी त्रेसष्ट चाळीस दिलं. काकू दचकल्या, "अगं, जास्त टाकलेत!" त्यांना समजावायला वेळ नव्हता. तिकडून पुढची बोली आली ती साधीच, एका पायरीची. त्रेसष्ट पासष्ट. पाळी फिरली होती आणि तिकडे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी त्यांनी काही केलं नाही.

चौसष्ट पंधरा, चौसष्ट पासष्ट, पासष्ट पंधरा. प्रत्येकाला आमचं उत्तर तयार. पासष्ट पासष्ट आलं आणि आम्ही पासष्ट नव्वद टाकलं. आता आमच्याकडे काही उरलं नव्हतं. ती पाच मिनिटं मुलगा ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला. काकू मात्र स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत. एक मिनिट उरल्यावर त्यांनी पिशवीतून फोन काढून टेबलावर उताणा ठेवला, न जाणो ओटीपी लागला तर. अडीचच्या सुमारास घड्याळ शून्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

पुढची धावपळ नेहमीचीच, पण ती न ठाऊक असल्यामुळे बुडालेले लोकही मला माहीत आहेत. पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरावे लागतात, बयाणा धरून. म्हणजे १६,४७,५०० मधून बयाणा वजा जाता १०,६३,५००. ते न भरल्यास बयाणा जप्त आणि घर पुन्हा लिलावात. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. यांचं कर्ज आधीच मंजूर होतं; नसतं तर मी बोलीच लावू दिली नसती. रक्कम पन्नास लाखांवर असल्यामुळे एक टक्का टीडीएस, म्हणजे रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर, तो मुलानं घरी बसून भरला.

थकबाकीचा आकडा लेखी घ्यायला सोसायटीत गेलो तेव्हा ते आजोबा भेटले. काकूंकडे बघून म्हणाले, "तुम्हीच होय! आम्हीच होतो समोर." मधली भिंत पाडून दोन्ही फ्लॅट एक करायचा त्यांचा बेत होता. त्यांचा मुलगा आतल्या खोलीत बसून बोली लावत होता, आजोबा बाहेर पेपर वाचत बसलेले, आणि दर बोलीला मुलगा येऊन विचारून जायचा. "शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाकायची, ही त्याची आयडिया."

"किती ठरवलं होतं?" मी विचारलं. विचारू नये, पण विचारलं.

"सहासष्ट. त्याच्या वर एक पैसा नाही म्हटलं. पुढची बोली सहासष्ट पंधरा पडत होती, मग सोडलं."

काकूंच्या मुलानं माझ्याकडे बघितलं, मी सोसायटीच्या पावतीपुस्तकाकडे. घरात ज्या शेजाऱ्याला रस आहे तोच घराचे दोष सांगतो, हे मला माणिकबागेत नव्यानं शिकायला मिळालं असं नाही, पण इतक्या गोड बोलण्यातून पहिल्यांदाच.

त्यानंतर त्या मुलानं एक शीट बनवून पाठवली. राखीव किंमत, पायरी आणि आपला आकडा भरला की शेवटची पायरी कुणाच्या वाट्याला येते ते सांगते. मी अजून कागदामागेच मांडते, पण शीट बरोबर चालते. आमचा वाद दुसरा आहे. त्याचं म्हणणं, दोन पायऱ्यांची उडी आपण फार लवकर घेतली. त्रेसष्टला घेतली म्हणजे समोरच्याला तशीच उडी मारून पाळी परत फिरवायला मधल्या इतक्या पायऱ्या शिल्लक होत्या. उडी अगदी वर जाऊन घ्यायची. माझं म्हणणं, वर गेल्यावर माणूस प्रत्येक आकडा डोळ्यांत तेल घालून बघतो, तिथली उडी लगेच ओळखू येते; मध्यावर, कंटाळ्याच्या वेळी घेतलेली पचून जाते. समोरही पायऱ्या मोजणारा बसला असेल तर दोघांचंही चुकेल, एवढ्यावर आमचं एकमत आहे. पुढच्या महिन्यात त्याचा एक मित्र धायरीतल्या फ्लॅटसाठी बोली लावणार आहे, आणि तिथली पायरी ५० हजारांची आहे.