१.ए३ : ज्या प्याद्यावर भरवसा, त्याच्यापायी हत्ती गेला

बुद्धिबळात पांढऱ्याने पहिल्याच चालीला कडेचं प्यादं एक घर सरकवायचं, ती ही १.ए३ (× म्हणजे मारणं). मागच्या खेपेला मी छाती फुगवून लिहिलं होतं: १.ए३ डी५ २.डी४ सी५ आलं की ३.डी×सी५ मारायचं आणि बी४ ने प्यादं धरून बसायचं. उलटा क्यूजीए (क्वीन्स गॅम्बिट अ‍ॅक्सेप्टेड: पांढऱ्याने देऊ केलेलं सी-प्यादं काळा मारतो; इथे मारणारा मी), वर ए३ फुकटात. शनिवारी तेच अंगाशी आलं.

३...ई६ ४.बी४ ए५ ५.सी३ ए×बी४ ६.सी×बी४. इथवर मी मजेत. नेहमीच्या क्यूजीएत या जागी वजीर तिरका येऊन कोपऱ्यातला हत्ती गिळतो. आपल्याकडे मात्र ६...वजीर एफ६ ला ७.हत्ती ए२ तयार, कारण ते घर रिकामं आहे. बुधवारी एकाने तो वजीर आणलाच. मी हत्ती सरकवला आणि त्याचं घड्याळ तीन मिनिटं नुसतं पळत राहिलं. ते सुख वेगळंच!

शनिवारचा समोरचा मात्र शहाणा निघाला. ६...बी६ ७.सी×बी६ उंट×बी४ शह. माझा हात आपोआप ८.ए×बी४ कडे गेला. हत्ती×ए१. ए फाइल, म्हणजे कडेची उभी रांग, केव्हाच उघडली होती, आणि ज्याला मी पहारेकरी समजत होतो ते ए३ चं प्यादं पिनमध्ये अडकलं होतं: हललं की मागचा हत्ती गेला. ८.उंट डी२ खेळलो असतो तर बी६ चं प्यादं पडून प्यादी पाच-पाच, डाव चालू.

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं संगणक इंजिन आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. ते पट मांडून मोहरे हाताने हलवल्यावरच दिसलं. विकतच्या कोर्समध्ये तर १.ए३ ला जेमतेम एक ओळ आहे.

वैतागून १.ई३ कडे वळणार होतो. पण १८५८ मध्ये पॅरिसच्या सामन्यात जर्मन उस्ताद अँडरसनने अमेरिकन मॉर्फीविरुद्ध १.ए३ च तीनदा खेळून दीड गुण काढला होता, आणि बाकीच्या आठ डावांत मिळूनही त्याला दीडच मिळाला.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: सी३ हवंय कशाला? ५.उंट बी२! मग ५...ए×बी४ ६.ए×बी४ हत्ती×ए१ ७.उंट×ए१, पिनचा प्रश्नच मिटला. ७...बी६ ८.ई३ बी×सी५ ९.बी५, पास्ड प्यादं (ज्याची वाट अडवायला समोरचं प्यादं उरलेलं नाही) हातात. ७...उंट×सी५ ८.बी×सी५ वजीर ए५ शह ही चलाखी कुणी केलीच तर ९.उंट सी३. १.ई३ रद्द.

लगेच एक डाव लावला. १.ए३ जी६. छे!